पैसे चुकून भलत्याच खात्यात गेले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक आकडा इकडचा तिकडे होतो, किंवा यादीतल्या दोन सारख्या नावांपैकी नको त्या नावावर बोट पडतं, आणि पैसे जातात. पुढचं सगळं तीनपैकी कोणता प्रकार आहे यावर ठरतं. चूक तुमच्या हातून झाली, चूक बँकेकडून झाली, की कुणीतरी फसवून पैसे काढून घेतले? तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत, आणि लोक हमखास एकाचा नियम दुसऱ्याला लावतात. इथली बहुतेक उत्तरं पहिल्या प्रकारासाठी आहेत. बाकीचे दोन जिथे येतात तिथे तसं सांगितलं आहे.

आत्ता पाच मिनिटांपूर्वी चूक झाली. आधी काय करू?

व्यवहाराचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यावरचा संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवा. यूपीआय किंवा आयएमपीएस (मोबाइल-नेट बँकिंगमधून लगेच पैसे पाठवण्याची पद्धत) असेल तर तो १२ आकडी असतो. एनईएफटी-आरटीजीएस या बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धतींचा संदर्भ क्रमांक (यूटीआर) लांब असतो, त्यात अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात. पुढे बँकेत, पोलिसांत, कोर्टात सगळीकडे तुमची ओळख हाच क्रमांक आहे.

मग बँकेला फोन. नंबर डेबिट कार्डाच्या मागचा, पासबुकावरचा किंवा बँकेच्या ॲपमधलाच घ्या. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधू नका. हे मुद्दाम ठासून सांगतो, कारण चुकून पाच हजार गेलेला माणूस घाबरलेला असतो, आणि इंटरनेटवर पेरलेले खोटे नंबर नेमके अशाच माणसाची वाट पाहत असतात. तो ‘अधिकारी’ स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगतो आणि उरलेलं खातंही रिकामं करतो.

फोनवर तक्रार क्रमांक घ्या. त्यानंतर, शक्य असेल तर त्याच दिवशी, आपल्या शाखेत लेखी अर्ज द्या. फोनवरची तक्रार ‘क्लोज्ड’ दाखवून मोकळं होता येतं. शिक्का मारलेल्या कागदाचं तसं होत नाही.

पैसे ओळखीच्याच कुणाकडे गेले असतील, म्हणजे जुन्या घरमालकाकडे किंवा मागे कधीतरी काम केलेल्या सुताराकडे, तर आधी त्यालाच फोन करा. अशी निम्मी प्रकरणं बँकेपर्यंत जायची गरजच नसते.

मी नाव अगदी बरोबर लिहिलं होतं. मग पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेलेच कसे?

कारण नाव कुणी पाहिलंच नाही. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

रिझर्व्ह बँकेने १४ ऑक्टोबर २०१० रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार एनईएफटी, आरटीजीएससारख्या व्यवहारांत पैसे जमा करताना फक्त खाते क्रमांक पाहिला जातो. भारतात एकच नाव दहा प्रकारे लिहिलं जातं. पासबुकावर ‘पाटील सुनील रामचंद्र’, आधारवर ‘सुनील आर. पाटील’, आणि पाठवणाऱ्याच्या यादीत ‘सुनील दूधवाला’. यंत्राने प्रत्येक वेळी नाव जुळवायचं ठरवलं असतं तर लाखो खरे व्यवहार अडले असते. म्हणून क्रमांकावर भरवसा ठेवायचं ठरलं, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकली गेली.

पूर्वी मनीऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन माणूस पाहून, सही-अंगठा घेऊन पैसे मोजून देई. इथे तो पोस्टमन नाही. दाराचा नंबर वाचायचा आणि फटीतून आत सरकवायचं, एवढंच काम आहे. तुम्ही भरलेलं नाव ही तुमच्या सोयीसाठी केलेली नोंद आहे, त्यापलीकडे तिला वजन नाही.

त्याच परिपत्रकात दुसरीही बाजू आहे, आणि शाखेत ती कुणी आपणहून सांगत नाही. अशा चुका निस्तरण्यासाठी बँकांनी तक्रार निवारणाची पारदर्शक आणि जलद व्यवस्था ठेवावी, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे ‘चूक तुमची, आम्ही काही करू शकत नाही’ हे वाक्य अर्धंच बरोबर आहे. पैसे परत मिळवून देण्याची हमी बँक देऊ शकत नाही. पण समोरच्या बँकेशी संपर्क करणं, पाठपुरावा करणं आणि तुम्हाला लेखी उत्तर देणं हे तिचं काम आहे.

आता तर नाव आधी दिसतं म्हणतात?

हो. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने एनईएफटी आणि आरटीजीएससाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत ही सोय करायला बँकांना सांगितलं. खाते क्रमांक आणि आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड) टाकला की समोरच्या बँकेत त्या खात्यावर नोंदलेलं नाव दिसतं. इंटरनेट बँकिंग, मोबाइल बँकिंग आणि शाखेतही. त्यासाठी शुल्क नाही. यूपीआयमध्ये नाव आधीपासूनच दिसत होतं. तिथे आता ॲपवर बँकेत नोंदलेलं नावच दाखवावं असा नियम झाला आहे, तुम्ही फोनमध्ये ‘मामा नवीन’ म्हणून सेव्ह केलेलं नाव नव्हे.

पण नाव दिसलं तरी वाचतो कोण? भाजीवाल्यापुढे उभं राहून पिन टाकणारा माणूस पडद्यावर काय लिहिलंय हे पाहतच नाही. आणि ‘संजय जाधव’ असं नाव आलं, तर तो आपलाच संजय जाधव कशावरून? मोठ्या रकमेआधी एक रुपया पाठवून समोरच्याकडून ‘आला’ असं ऐकून घेणं, ही जुनी युक्ती अजूनही सर्वांत भरवशाची आहे.

पाठवलेले पैसे मधल्यामध्ये थांबवता येतात का?

बहुधा नाही. यूपीआय आणि आयएमपीएस काही सेकंदांत पूर्ण होतात. आरटीजीएसमध्ये (किमान २ लाख रुपये) प्रत्येक व्यवहार एकेकटा, लगेच आणि कायमचा पार पडतो. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या गठ्ठ्याने जातं, दिवसाला ४८ गठ्ठे. त्यामुळे लोकांना वाटतं की मधल्या वेळेत अडवता येईल, पण एकदा पाठवलेला व्यवहार मागे घ्यायचं बटण ग्राहकाकडे नसतं. पुढच्या तारखेला लावून ठेवलेलं पेमेंट असेल तर मात्र ते त्या तारखेपूर्वी रद्द करता येतं.

मी टाकलेला खाते क्रमांक अस्तित्वातच नसेल तर?

मग काळजी नाही. पैसे परत येतात. एनईएफटीमध्ये जमा न होऊ शकलेली रक्कम त्या गठ्ठ्याच्या हिशेबानंतर दोन तासांत परत करायची असते. उशीर झाला तर बँकेने रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक २ टक्के दराने व्याज द्यायचं असतं. खरा त्रास होतो तो चुकलेला क्रमांक कुणाच्यातरी वापरातल्या खात्याचा निघाला तर.

पैसे कापले गेले, पण समोरच्याला मिळालेच नाहीत. हेही ‘चुकीच्या खात्यात’ गेले का?

नाही, हा अडकलेला व्यवहार आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआय किंवा आयएमपीएसने एका व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती न मागता मिळायला हवी. दुकानदाराला केलेल्या यूपीआय पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे.

घाईघाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवण्याआधी समोरच्याला स्टेटमेंट पाहायला सांगा. एसएमएस आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असं नसतं.

‘४८ तासांत तक्रार केली की बँकेला पैसे परत द्यावेच लागतात’ असा मेसेज फिरतोय. खरं आहे?

तुमच्या हातून चुकीचा क्रमांक पडला असेल, तर अमुक तासांत पैसे परत देण्याचं बंधन बँकेवर नाही. असे मेसेज दोन-तीन खऱ्या नियमांची खिचडी करून बनतात. एक वर सांगितलेला अडकलेल्या व्यवहाराचा नियम. दुसरा जुलै २०१७ चा, तुमच्या संमतीशिवाय तिसऱ्याने खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य, असं सांगणारा. दोन्ही नियम चांगले आहेत, पण स्वतः पिन टाकून चुकीच्या माणसाला पाठवलेल्या पैशांना लागू होत नाहीत. शाखेत जाऊन मोबाइलवरचा फॉरवर्ड दाखवत भांडण्यात तुमचाच वेळ जातो.

बँक सरळ त्या माणसाच्या खात्यातून पैसे काढून मला का देत नाही?

कारण एकदा जमा झालेली रक्कम त्या खातेदाराच्या खात्यातली आहे, आणि त्याच्या संमतीशिवाय बँक हात लावू शकत नाही. उद्या कुणीही उठून ‘मी याला चुकून पैसे पाठवले’ म्हणालं आणि बँकेने ते काढून दिले, तर व्यापाऱ्याचे मालाचे पैसे संध्याकाळी परत घेता आले असते. नियम त्रासदायक आहे, पण तुमच्याच खात्यात आलेल्या पगाराचं रक्षणही तोच करतो.

म्हणून होतं असं: तुमची बँक समोरच्या बँकेला कळवते, ती बँक आपल्या खातेदाराला फोन करते, पत्र पाठवते, आणि तो ‘हो’ म्हणाला की रक्कम उलटी फिरते. काही शाखा तोवर तेवढ्या रकमेवर होल्ड लावतात, म्हणजे ती काढता येऊ नये अशी अडवून ठेवतात. शाखेच्या भाषेत ‘लीन मार्क करतात’. अर्जात त्याची विनंती जरूर करा. तो हक्क म्हणून मागता येत नाही, पण पैसे खात्यात शिल्लक असताना केलेली विनंती आणि आठ दिवसांनी केलेली विनंती यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. घाई करायची ती यासाठीच.

चूक बँकेचीच असेल तर चित्र पालटतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये यूको बँकेच्या आयएमपीएस यंत्रणेत बिघाड झाला आणि सुमारे ८२० कोटी रुपये प्रत्यक्षात न आलेल्या व्यवहारांपोटी ग्राहकांच्या खात्यांत जमा झाले. बँकेने खाती रोखून काही दिवसांतच ६४९ कोटी परत मिळवले. उरलेल्यांसाठी प्रकरण सीबीआयकडे गेलं आणि महाराष्ट्र-राजस्थानात झडत्या झाल्या. कॅशियरने तुमच्या स्लिपवर बरोबर लिहिलेला क्रमांक चुकीचा टाकला असेल, तर तीही बँकेचीच चूक, आणि ती निस्तरणं पूर्णपणे बँकेचं काम. अशा वेळी भरलेल्या स्लिपची तुमच्याकडची प्रत सोन्याच्या मोलाची.

ज्याच्याकडे पैसे गेले त्याचं नाव, फोन नंबर बँक देईल का?

नंबर-पत्ता नाही. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणं बँकेला बंधनकारक आहे. समोरची बँक आणि शाखा कोणती हे मात्र कळतं, आयएफएससीवरूनच कळतं. शाखा जवळ असेल तर स्वतः जाऊन व्यवस्थापकांना भेटा, अर्जाची प्रत द्या. लहान गावातल्या शाखेत याचा फार उपयोग होतो, कारण तिथे साहेब खातेदाराला ओळखतात आणि ‘अहो, त्या बाईंचे पैसे आलेत तुमच्याकडे, सही करून टाका’ असं म्हणू शकतात. पोलीस किंवा न्यायालयाने मागितली तर बँकेला पूर्ण माहिती द्यावीच लागते.

अर्ज कसा लिहायचा?

साधा. सुरुवातीची ‘आपल्या सेवेशी सविनय’ वगैरे भर नको. असा चालेल:

प्रति, शाखा व्यवस्थापक, (बँक व शाखा).
विषय: चुकीच्या खात्यात जमा झालेली रक्कम परत मिळण्याबाबत.
महोदय/महोदया, माझ्या खाते क्रमांक … मधून दि. … रोजी … वाजता रु. … इतकी रक्कम (यूपीआय/आयएमपीएस/एनईएफटी/आरटीजीएस) द्वारे पाठवताना चुकून खाते क्रमांक …, आयएफएससी … येथे जमा झाली. संदर्भ क्रमांक/यूटीआर … . प्रत्यक्षात ती … यांच्या खाते क्रमांक … मध्ये पाठवायची होती. सदर खातेदाराशी माझा कोणताही आर्थिक व्यवहार नाही. कृपया संबंधित बँकेशी तातडीने संपर्क साधून रक्कम परत मिळवावी व तोपर्यंत तेवढ्या रकमेवर होल्ड ठेवण्याची विनंती करावी. केलेल्या कार्यवाहीची माहिती मला लेखी किंवा ईमेलने कळवावी.
सोबत: व्यवहाराचा स्क्रीनशॉट, खाते उतारा, ओळखपत्राची प्रत.

बरोबर आणि चुकीचा, दोन्ही क्रमांक लिहा. ‘...४५७’ ऐवजी ‘...४७५’ पडलं हे कागदावर शेजारी-शेजारी दिसलं की ही खरोखर चूक आहे हे वाचणाऱ्याला लगेच पटतं. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणाले तर बसा. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

यूपीआयने चुकलं. गूगल पे-फोनपेकडे तक्रार करायची की बँकेकडे?

दोन्हीकडे. ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन मदत किंवा तक्रारीचा पर्याय निवडा; तक्रार यंत्रणेत नोंदली जाते. ॲप म्हणजे फक्त खिडकी, पैसे बँकेतून बँकेत गेलेत, म्हणून अर्ज शाखेतही द्या. यूपीआय चालवणारी संस्था म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, आपली एनपीसीआय, मुख्यालय मुंबईत. तिच्या संकेतस्थळावर यूपीआय तक्रारीचा अर्ज आहे आणि त्यात ‘चुकून दुसऱ्या खात्यात गेले’ असा वेगळा पर्यायही आहे. ॲप आणि बँक दोघांकडून काही झालं नाही तर तिथे भरा.

पूर्वी काही जण समोरच्याला यूपीआयवरून पैसे मागणारी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ पाठवत. फसवणुकीसाठी तिचा इतका वापर झाला की १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय बंद झाली आहे.

आणखी एक. मित्राने नंबर बदलला आणि जुना नंबर कंपनीने तिसऱ्याला दिला, अशा प्रकारातून बरेच पैसे चुकतात. दोन वर्षांपूर्वीच्या चॅटमधला नंबर पाहून पैसे पाठवू नका.

समोरचा माणूस सरळ ‘देत नाही, जा’ म्हणतोय. आता?

कायदा तुमच्या बाजूने स्पष्ट आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७२ सांगतं की चुकून दिलेले पैसे ज्याला मिळाले त्याने ते परत केलेच पाहिजेत. दीडशे वर्षांपूर्वीचं कलम, पण यूपीआयलाही तितकंच लागू. यात समोरच्याचा हेतू वाईट होता हे सिद्ध करावं लागत नाही.

शिवाय पैसे आपले नाहीत हे कळल्यावरही ते बेइमानीने वापरले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली (जुन्या भारतीय दंड संहितेचं ४०३) गुन्हा होतो. शिक्षा किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं, आणि दंड. पण हा अदखलपात्र गुन्हा आहे. म्हणून पोलीस ठाण्यात बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि ‘कोर्टात जा’ म्हणतात. यात दर वेळी टाळाटाळच असते असं नाही. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस अशा प्रकरणात तपास करू शकत नाहीत. तरी तक्रार अर्ज द्याच. ठाण्यातून गेलेल्या एका फोननंतर खूप लोकांना अचानक नेट बँकिंग जमायला लागतं.

त्यापुढची पायरी वकिलाची नोटीस, आणि मग दिवाणी दावा. समोरच्याचं नाव माहीत नसेल तर बँकेला पक्षकार करून न्यायालयामार्फत ते मिळवता येतं. दाव्याची मुदत तीन वर्षं. पण पाच-दहा हजारांसाठी दावा लावणं म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला महाग. त्याआधी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्या. ते समोरच्याला नोटीस काढतात आणि लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. कोर्ट फी लागत नाही. हा रस्ता फार कमी लोक वापरतात, ही खेदाची गोष्ट आहे.

त्याने पैसे खर्च करून टाकले असतील तर?

तरी देणं लागतोच. २०२२ च्या सुरुवातीला पैठण तालुक्यातलं एक प्रकरण खूप गाजलं. एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात १५ लाख रुपये जमा झाले. निवडणुकीतल्या भाषणांतला आकडाही नेमका तोच, त्यामुळे त्याला वाटलं की पंतप्रधानांनीच दिले. त्याने आभाराचं पत्रही पाठवलं म्हणे, आणि सुमारे ९ लाख काढून घर बांधलं. पैसे खरे एका ग्रामपंचायतीच्या निधीचे होते. काही महिन्यांनी बँकेने रक्कम परत मागितली, तेव्हा घर उभं होतं.

तिथे लबाडी होती असं कुणी म्हणणार नाही, पण प्रामाणिक गैरसमजानेही परतफेड टळत नाही. अशा वेळी एकरकमी हट्ट धरण्यापेक्षा हप्ते बांधून, लेखी घेऊन पैसे वसूल करणं शहाणपणाचं.

ते खातं बंद पडलेलं, कर्जाचं किंवा मयत व्यक्तीचं असेल तर?

खातं पूर्ण बंद झालेलं असेल तर पैसे आपोआप परत येतात. दोन वर्षं व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेलं असेल तर रक्कम जमा होते, पण तिथेच पडून राहते. खातेदाराला ती केवायसी केल्याशिवाय काढता येत नाही, हे एका अर्थी तुमच्या फायद्याचंच. मयताच्या खात्यात गेली तर संमती वारसांकडून लागते आणि वेळ लागतो. सर्वांत किचकट म्हणजे थकीत कर्जखातं किंवा कॅश क्रेडिट (धंद्यासाठीचं फिरतं कर्जखातं). तिथे रक्कम येताक्षणी थकबाकीत वळती होऊ शकते. या प्रकारात शाखेच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका, पहिल्याच आठवड्यात बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी नेमलेला वरचा अधिकारी) लेखी जा.

उलटं झालंय. माझ्याच खात्यात अनोळखी पैसे आलेत, आणि एक जण फोन करून परत मागतोय.

थांबा. फोन आला म्हणून लगेच पैसे पाठवू नका.

आधी बँकेचं स्टेटमेंट उघडून पाहा की पैसे खरोखर आलेत का. बँकेच्या नावाने खोटा एसएमएस पाठवून ‘चुकून आले, परत करा’ म्हणणं हा जुना धंदा आहे. पैसे परत करायला किंवा घ्यायला लिंक उघडावी लागत नाही, आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

पैसे खरंच आले असतील तरी ‘या दुसऱ्या नंबरवर पाठवा’ असं म्हटलं तर मुळीच पाठवू नका. ते एखाद्या सायबर गुन्ह्यात लुबाडलेले असू शकतात. तुम्ही ते पुढे पाठवले की साखळीतली एक कडी झालात. महिन्याभराने कुठल्यातरी दूरच्या राज्यातल्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून तुमचं खातं गोठवलं जातं आणि दुधाचे पैसेही निघत नाहीत. म्हणून आपल्या शाखेला लेखी कळवा: ‘अमुक रक्कम माझी नाही, आलेल्या खात्यातच परत पाठवावी.’ फोन करणाऱ्याला नम्रपणे सांगा, ‘तुमच्या बँकेत अर्ज द्या, माझी हरकत नाही.’ खरा माणूस जातो. लबाड माणूस चिडतो, रडतो, आजारी आईचं नाव घेतो.

तोवर ते पैसे वापरू नका. गप्प बसून राहणंही बरं नव्हे. वरची दोन्ही कलमं तुम्हालाही लागू आहेत.

लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये दुसऱ्याच बँकेत गेले. तक्रार कुठे?

बहुतेक वेळा हे चुकून गेलेले नसतात. लाडकी बहीण, शेतकरी सन्मान निधी, गॅस अनुदान असे थेट लाभ खाते क्रमांकावर नव्हे, तर आधारवर जातात. तुमची चार खाती असली तरी आधार शेवटी ज्या बँकेशी लाभासाठी जोडलं गेलं, तिथेच पैसे पडतात. मोबाइल सिम घेताना किंवा गावातल्या शिबिरात उघडलेलं, विसरून गेलेलं खातं अनेकदा तेच निघतं. ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस (आधार कोणत्या बँकेशी जोडलं आहे ते) पाहा, पैसे तिथेच सापडतील. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा अर्ज द्या.

अर्ज भरणाऱ्याने आधार क्रमांकच दुसऱ्या बाईचा टाकला असेल, तर मात्र बँकेचा संबंध नाही. योजनेच्या कार्यालयातच दुरुस्ती करून घ्यावी लागते.

बँक उत्तरच देत नाही. लोकपालाकडे जाऊ का?

लेखी तक्रारीला ३० दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली ऑनलाइन तक्रार करता येते. फुकट आहे, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण मागणी नीट मांडा. ‘माझे पैसे बँकेने भरून द्यावेत’ असं लिहिलं तर चूक तुमची होती म्हणून प्रकरण संपतं. ‘अमुक तारखेला अर्ज दिला, समोरच्या बँकेला कळवलं की नाही हे आजवर सांगितलं नाही’ असं लिहिलं तर उत्तर बँकेला द्यावं लागतं.

पतसंस्थेचं खातं असेल तर ही योजना चालत नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे.

१९३० वर फोन करू का?

फसवणूक झाली असेल तरच, आणि तेव्हा मात्र एक मिनिटही न दवडता. १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, स्वतःच्या चुकीसाठी नाही.

जुना आयएफएससी टाकला, बँक विलीन झाली आहे. पैसे गेले का?

१ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत गेली. त्याच्या वर्षभर आधी देना आणि विजया बँक ऑफ बडोदात. त्यांचे जुने कोड नंतर रद्द झाले, त्यामुळे असा व्यवहार एकतर स्वीकारलाच जात नाही किंवा परत येतो. कोड त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेचा पडला आणि खाते क्रमांक बरोबर असेल, तर सहसा पैसे योग्य खात्यातच जमा होतात.

मी इंग्लंडमध्ये आहे. इथल्या खात्यातून चूक झाली तर?

तिथे २०२० पासून मोठ्या बँकांत नाव जुळतंय का हे पैसे पाठवण्याआधी दाखवतात. तरीही चूक झाली तर बँकेला कळवल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत तिने हालचाल सुरू करायची असते. भारतातल्या खात्यात पाठवताना चुकलं असेल तर पाठवणाऱ्या बँकेकडे किंवा कंपनीकडे परत मागवण्याची विनंती नोंदवा. भारतातल्या शाखेत नातेवाइकाला पाठवून फारसं काही होत नाही, कारण तक्रार पाठवणाऱ्याची लागते.

चुकीच्या मोबाइल नंबरवर रिचार्ज झाला. हेच सगळं लागू होतं?

नाही. तो बँकेतला व्यवहार नव्हे, विकत घेतलेली सेवा आहे. ताबडतोब मोबाइल कंपनीला कळवा; दोन आकड्यांचा फरक दाखवता आला तर कधी कधी ऐकतात. रक्कम दोन-तीनशेची असेल तर ज्याच्याकडे गेला त्यालाच फोन लावून पाहा. पैसे परत देणारे लोक वाटतात त्यापेक्षा जास्त असतात.